सुसरीखालचा पाचवा धडा

एका जंगलात, बाळांनो, बातम्या फार चांगल्या होत्या. बाकीचं जंगल कुठल्याही जंगलासारखं होतं. कधी बरं, कधी वाईट. बातम्या मात्र रोज चांगल्या.

रोज सकाळी कोल्होबा उंच खडकावर चढायचे. घसा खाकरायचे. कान ताठ करायचे आणि ओरडायचे, "ऐका हो ऐका! आजची बातमी! सर्व ठीक आहे!" मग खाली उतरून वाघमहाराजांच्या उष्ट्यातलं एक हाडूक घ्यायचे आणि घरी जायचे. एवढंच त्यांचं काम. पण ते जोखमीचं होतं, कारण त्या जंगलात एक जुना रिवाज होता. खडकावरून ओरडलेला शब्द हा महाराजांचा शब्द. एकदा ओरडला की मागे घ्यायचा नाही. म्हणून कोल्होबा फार शब्द वापरतच नसत.

ए मागच्या, हसतोस काय? बातमी म्हणजे याहून वेगळं काही असतं असं वाटलं होतं तुला? गप बस आणि ऐक.

तर त्या जंगलात एक नदी होती, आणि नदीच्या मधोमध वाळूचं एक बेट होतं. बेटावर खेकडे राहायचे, पाणकोंबड्यांची दोन बिऱ्हाडं होती, एक म्हातारी कासवीण होती, आणि आपली ठकूताई टिटवी होती. ठकूताईने नुकतीच चार अंडी घातली होती. टिटवीचं घर ते काय असणार? चार खडे इकडे, चार खडे तिकडे, मधे अंडी. भिंत नाही, छप्पर नाही. "हवेशीर आहे," असं तिचा नवरा नारबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. दोघं पाळीपाळीने अंड्यांवर बसायची.

आता टिटवी म्हटल्यावर तुम्हाला ठाऊकच आहे. पान गळलं, ओरड. ढग आला, ओरड. ढग गेला, पुन्हा ओरड. ठकूताईची आजी तर म्हणे आभाळ पडेल या भीतीने पाय वर करून झोपायची, आणि आभाळ पडलं नाही याचं श्रेय तिने मरेपर्यंत दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नाही. अशा घराण्यातली पोर. त्यामुळे ठकूताई ओरडली की जंगलात कुणी मानसुद्धा वर करत नसे. तिला याचं फार वाईट वाटायचं.

त्या वर्षी वैशाखात नदी आटू लागली. उन्हाळ्यात नदी आटायचीच, त्यात नवल नाही. पण हे आटणं काही निराळंच होतं. काल पोटाला लागणारं पाणी आज घोट्याला लागत होतं. खेकडे कुरकुरायला लागले. दुसऱ्या दिवशी कोल्होबा खडकावर चढले आणि ओरडले, "ऐका हो ऐका! नदीत पाणी कमी झालेलं नाही! वाळू वाढली आहे! सर्व ठीक आहे!"

खेकडे म्हणाले, "असं होय!" आणि आपापल्या बिळात गेले.

ठकूताईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. कोल्होबांनी इतके शब्द कधी खर्च केले नव्हते.

"अहो," ती नारबाला म्हणाली, "वाळू अशी रातोरात वाढते का हो?"

"खडकावरून सांगितलंय ना? मग वाढली असेल. तू ये बघू इकडे, माझी पाळी संपली. पाय आखडले."

"पाणी अडलंय कुठेतरी. आणि अडलेलं पाणी कधीतरी सुटणार. सुटलं की ते कुठून जाईल, सांगा बघू?"

नारबाने खाली अंड्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "तू ओरडू नकोस हं. लोक हसतात."

"ओरडणार नाही. शिकणार आहे. बातमी कशी काढतात ते शिकणार."

"शिकायला गुरू लागतो. गुरूला दक्षिणा लागते. आपल्याकडे काय आहे, वाळू?"

"फुकट आहे," ठकूताई म्हणाली.

आणि ते खरंच फुकट होतं. झालं होतं असं, की काही वर्षांपूर्वी उत्तरेकडून करकोचे गुरुजी म्हणून एक गृहस्थ हिवाळ्यापुरते आले होते. देशोदेशी हिंडलेले. चोच लांब, बोलणं थोडं. या जंगलातल्या बातम्या आठवडाभर ऐकून त्यांना गलबलून आलं. जाण्यापूर्वी त्यांनी नदीकाठच्या सात दगडांवर चोचीने सात धडे कोरले, आणि पहिल्या दगडाच्या वर लिहिलं, 'बातमीदारी शिका. फी नाही. परीक्षा नाही. घाई नाही. ज्याने त्याने आपल्या चालीने शिकावे.' मग ते उडून गेले ते गेलेच.

फुकट म्हटल्यावर जंगल लोटलं हो! पहिल्या दिवशी दगडाला हात लावायला रांग. ससा पहिला धडा वाचून घरी गेला आणि त्याने बिळावर 'ज्येष्ठ पत्रकार' अशी पाटी लावली. माकडाने मधले दगड बघितलेच नाहीत. त्याने सातव्यावर उडी मारली, कारण सातव्यावर नुसतं 'शाबास, तुम्ही शिकलात' एवढंच कोरलेलं होतं. कोल्होबांनी दोन धडे केले आणि म्हणाले, पुढचं आमच्या कामाचं नाही. जे काही चिवट होते ते चौथ्या दगडापर्यंत पोचले. पाचव्यावर सुसर झोपलेली असायची. तिला बघून सगळे म्हणाले, तसे चार धडे पुष्कळ झाले. घाई नाही असं लिहिलंयच. मग पुढे दोन वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही. फुकटच्या शिक्षणाचं असं असतं, बाळांनो. पैसे भरलेले नसतात, त्यामुळे वसूल करायचेही नसतात.

ठकूताईची चाल मात्र तिच्या हातात नव्हती. अंडी आठ दिवसांची झाली होती. अजून वीस दिवसांनी, द्वादशीला, पिल्लं बाहेर येणार होती. तोवर अंडी हलवायची सोय नाही, कारण टिटवीला ना हात ना टोपली. म्हणून पाणी कधी सुटणार एवढं तिला द्वादशीच्या आत कळायला हवं होतं. बाकी पत्रकारितेचं काय व्हायचं ते होवो.

पहिल्या दगडावर एकच शब्द होता. 'विचारा.'

ठकूताई चक्रावली. ओरडायची सवय, विचारायची नाही. तिने दोन दिवस सराव केला. आधी कासविणीला विचारलं, "आजी, तुमचं वय किती?" कासविणीने मान आत घेतली ती संध्याकाळपर्यंत बाहेर काढली नाही. मग पाणकोंबडीला विचारलं, "तुमचे हे परवा कुठे होते?" त्यावरून पाणकोंबड्यांच्या घरात असं भांडण पेटलं की विचारू नका. ठकूताईला कळलं, विचारणं हे काम ओरडण्यापेक्षा अवघड आहे.

दुसऱ्या दगडावर लिहिलं होतं, 'कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं.' हे तिने चालता चालता पाठ केलं. अंड्यांवर बसून ती हेच घोकायची, आणि नारबाला झोपेत ऐकू यायचं. तिसऱ्यावर होतं, 'स्वतः जाऊन बघा.' चौथ्यावर, 'एकाकडून ऐकलेलं दुसऱ्याकडून ताडून बघा.' एवढं शिकायला तिला पंधरा दिवस लागले, कारण अर्धा दिवस अंड्यांवर जायचा आणि उरलेल्यात पोट भरायचं असे. पण शिकली बरं का! सप्तमीला ती तिसऱ्या धड्याला धरून नदीच्या वरच्या अंगाला उडत गेली.

तिथे घळीत हत्तींनी ओंडके आडवे घालून भलाथोरला बांध बांधला होता. मागे पाणी तुडुंब. ती एका हत्तीजवळ उतरली, पण हत्ती काही बोलेना. त्याच्या कानात मात्र एक गोमाशी राहायची. तिला बोलायला कुणी तरी हवंच होतं.

"कुणी बांधलं हे?"

"आमच्या हत्तींनी. महाराजांचा हुकूम."

"कशासाठी?"

"अगं, महाराजांची सासुरवाडी यायचीय. महाराजांना हौस, की सासूबाईंना भर वैशाखात धबधबा दाखवायचा. हे पाणी सोडलं की कड्यावरून असं धो धो..."

"कधी सोडणार?"

"दशमीला. सूर्य डोक्यावर आला की. हे बघ, माझं नाव कुठे घेऊ नकोस हं. हत्तीने कान झटकला की मी रस्त्यावर."

दशमी! ठकूताईने तिथेच बोटं मोजली. पायाला तीनच बोटं असल्यामुळे तिथल्या तिथे हिशोब लागला. सप्तमी, म्हणजे दशमीला तीन दिवस. आणि पिल्लं द्वादशीला. फक्त दोन दिवसांनी हुकत होतं सगळं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि घशात ओरड आली. पण तिने ती गिळली, कारण चौथा धडा राहिला होता.

कड्यावर मोर नाचाची तालीम करत होता. "काय मोरोपंत, कसली तयारी?" तिने विचारलं.

"दशमीची," मोर गिरकी घेत म्हणाला. "धबधब्यापुढे नाचायचंय. ऐन दुपारी. पिसांवर तुषार उडणार म्हणतात. तू सांग, डावीकडून शिरू की उजवीकडून?"

"उजवीकडून," ठकूताई म्हणाली, आणि थेट बेटावर आली.

आधी ती कासविणीकडे गेली. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं, सगळं शांत आवाजात सांगितलं. कासविणीने ऐकून घेतलं. "छान सांगतेस गं आता," ती म्हणाली. "पण मागच्या महिन्यात त्या ढगाबद्दलही तू असंच म्हणाली होतीस." खेकडे म्हणाले, "खडकावरून आलं की बघू." पाणकोंबड्या अजून तिच्याशी बोलत नव्हत्या.

ठकूताई खाली मान घालून बसली. खरी बातमी हातात आहे, दोन ठिकाणी ताडलेली आहे, आणि कुणी ऐकत नाही. आपलं शिकणं कुठेतरी कमी पडतंय, असं तिला वाटलं. मग तिला आठवलं, की अजून धडे आहेत. पाचव्या दगडावर काय आहे?

दुसऱ्या दिवशी, अष्टमीला सकाळीच, ती पाचव्या दगडाशी गेली. सुसर पसरलेली होतीच. पण गरज म्हणजे गरज. "सुसरबाई, तुझी पाठ मऊ!" ती म्हणाली.

सुसरीने एक डोळा उघडला. "माझी पाठ मऊ नाही. काय काम आहे?"

ठकूताईने पहिला धडा आठवला. "तुम्ही जरा सरकता का? मला खालचं वाचायचंय."

सुसर खरंच सरकली. "दोन वर्षं झाली," ती जांभई देत म्हणाली, "येतात, बघतात, माघारी जातात. सरका म्हणून एकानेही विचारलं नाही. मला वाटलं, कुणाला नकोच असेल."

दगड उन्हात चमकत होता. त्यावर लिहिलं होतं, 'ज्याच्याबद्दल सांगायचं, त्यालाही आधी विचारा.'

बेटावर येऊन तिने हे नारबाला सांगितलं. नारबा अंड्यांवरून अर्धा उठला.

"तुला वेड लागलंय का गं? ज्याने पाणी अडवलं त्यालाच जाऊन विचारणार, की बाबा रे, तू आमचं घर बुडवणार हे खरं का?"

"धड्यात तसंच आहे."

"धडा लिहिणारा कधीच उडून गेला! त्याची अंडी आहेत का इथे? अगं तो वाघ आहे, वाघ! तू त्याला एका दातालासुद्धा पुरायची नाहीस."

"मग काय करू? ओरडू? ओरडून कोण येणार, सांगा ना! टिटवी ओरडली म्हणतील नि कूस बदलतील."

नारबा पुन्हा खाली बसला, पंखाखाली चारही अंडी नीट सरकवून घेतली आणि म्हणाला, "लवकर ये. मला एकट्याला भीती वाटते."

ठकूताई खडकापाशी गेली. कोल्होबा हाडूक चघळत होते. तिने विचारलं, "कोल्होबा, दशमीला बांध फोडून पाणी सोडणार, हे खरं का?"

कोल्होबांच्या तोंडातून हाडूक पडलं. त्यांच्या उभ्या कारकीर्दीत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ते सांगायचे आणि लोक ऐकायचे. उलट बाजूने काही येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. पाचवा दगड सुसरीखाली असल्यामुळे माहीत होणार तरी कसं? "हे माझ्या अखत्यारीत नाही," ते चाचरत म्हणाले. "तू चल. तुझा प्रश्न, तूच ने."

जांभळीच्या सावलीत महाराज पहुडले होते. शेजारी प्रधान अस्वलपंत माशा वारत होते. ठकूताईने डोळे मिटले, आजीचं नाव घेतलं आणि एका दमात बांधापासून बेटापर्यंत सगळा प्रश्न विचारला.

"हे हिने काय केलं?" महाराजांनी विचारलं.

"प्रश्न विचारला, महाराज," कोल्होबा म्हणाले.

"मग? खाऊ का हिला?"

"तसा रिवाज दिसत नाही, महाराज," अस्वलपंत डोकं खाजवत म्हणाले. "प्रश्न आला की उत्तर द्यायचं असतं, असं मी लहानपणी कुठेतरी ऐकलंय. खात्री नाही."

"काय उत्तर द्यायचं?"

अस्वलपंतांनी कोल्होबांकडे बघितलं. कोल्होबांनी जमिनीकडे बघितलं. जमिनीने काही सुचवलं नाही. मग कोल्होबा हळूच म्हणाले, "महाराज, 'असं काही नाही' म्हणून टाका. ते कुठल्याही प्रश्नाला चालतं."

"असं काही नाही!" महाराज गरजले. आवाज आवडला म्हणून पुन्हा गरजले. "दशमीला पाणी सोडणार नाही! जा, सांगा सगळ्यांना! आणि नीट सांगा, कुणाच्या मनात शंका राहता कामा नये!"

ठकूताई जीव मुठीत धरून घरी परतली. वाटेत तिला रडू फुटलं. केलं काय आपण? खरी बातमी होती, ती खोटी आहे असं राजाच्याच तोंडून वदवून घेतलं.

नवमीला सकाळी कोल्होबा खडकावर चढले. महाराजांनी 'नीट सांगा' म्हटलं होतं, आणि कोल्होबांचा दुसरा धडा पक्का होता. कोण, काय, कुठे, केव्हा. ते बेंबीच्या देठापासून ओरडले.

"ऐका हो ऐका! उद्या दशमीला, सूर्य डोक्यावर आल्यावर, हत्तींनी वरच्या घळीत ओंडके लावून घातलेला बांध फोडून, महाराजांच्या सासूबाईंना धबधबा दाखवण्यासाठी पाणी सोडणार आणि ते खालच्या बेटावरून जाणार, ही निव्वळ अफवा आहे! दशमीला पाणी सोडलं जाणार नाही! बेटावरच्या कुणीही घर सोडू नये! सर्व ठीक आहे!"

हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत निम्मं बेट रिकामं झालं होतं.

खरं सांगतो, बाळांनो! पाणकोंबड्या पिल्लांना पुढे घालून निघाल्या. खेकडे आडवे-तिडवे, पण निघाले. कासवीण ठकूताईपाशी येऊन क्षणभर थांबली.

"आजी, तुम्ही तर विश्वास ठेवत नव्हता," ठकूताई म्हणाली.

"तुझ्यावर नव्हताच," कासवीण म्हणाली. "पण जे नाहीच, त्याची एवढी बारीक माहिती कुणाकडे असते का गं? आणि 'घर सोडू नका' हे मी जन्मात दोनदा ऐकलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही घरात अकरा जणं होतो. आम्ही राहिलो." एवढं बोलून ती आपल्या चालीने काठाकडे गेली.

संध्याकाळपर्यंत बेटावर दोघंच उरली. ठकूताई आणि नारबा. आणि खाली ती चार अंडी, जी कुणाच्या सांगण्याने चालू लागणार नव्हती. ठकूताईच्या बातमीने सगळ्यांची घरं हलली, फक्त तिचं सोडून.

"तू जा काठावर," नारबा म्हणाला. "मी बसतो."

"तुमची पाळी संपलीय," ठकूताई म्हणाली, आणि त्याला सरकवून शेजारीच बसली.

दशमी उजाडली. सूर्य वर चढू लागला. एकदा नारबाने विचारलं, "त्या धड्यांत याच्यासाठी काही आहे का?" ती म्हणाली, "अजून तिथवर पोचले नाही." सूर्य डोक्यावर आला. ठकूताईने पंख इतके घट्ट मिटले की तिलाच श्वास घेता येईना. तिने कान दिले. पाण्याचा आवाज आला नाही. सूर्य डोक्यावरून कलला. तरी आला नाही. दुपारी गोमाशी धापा टाकत आली.

"अगं ठकू, काय सांगू तुला! कड्यावर सगळे जमले होते. मोर नटून उभा. हत्ती ओंडक्याला सोंड लावणार, तोच सासूबाई म्हणाल्या, 'का हो जावईबापू, काल तर तुम्ही खडकावरून सांगितलंत की दशमीला पाणी सोडणार नाही? मी आले तेव्हा अख्खं जंगल तेच बोलत होतं. तुमच्याकडे राजाच्या शब्दाला काही किंमत असते की नाही?' झालं! महाराजांचे पंजे जागच्या जागी. रिवाज मोडला तर सासूबाईंसमोर मोडायचा? म्हणाले, 'छे छे, आम्ही फक्त बांध दाखवायला आणलंय.' सगळ्यांनी तासभर ओंडके बघितले. मोर रुसून बसलाय."

ठकूताई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. नारबाला काहीच कळलं नाही, पण तोही रडला.

सासुरवाडीची मंडळी एकादशीलाही दिवसभर राहिली. शब्द दिलेला, त्यामुळे महाराजांनी विषयच काढला नाही. द्वादशीला पहाटे पाहुणे गेले, आणि त्याच सकाळी चार अंडी फुटली. टिटवीची पिल्लं म्हणजे तिखट जात. पिसं वाळली की चालायला लागतात. दुपारपर्यंत चारही पिल्लं घोटाभर पाण्यातून, आईच्या मागे एक आणि बापाच्या मागे तीन, अशी काठावर पोचली. त्रयोदशीला बांध गळायला लागला, म्हणून हत्तींनी तो गुपचूप फोडला. धबधबा झाला. मोठा सुंदर झाला म्हणतात. बघायला कुणी नव्हतं. वाळूचं बेट मात्र होत्याचं नव्हतं झालं.

आता तुम्हाला वाटेल, जंगलाने ठकूताईला डोक्यावर घेतलं असेल. भोळे आहात.

कोल्होबा खडकावर चढले. "ऐका हो ऐका! दशमी आली आणि गेली! पाणी आलं नाही! टिटवीची बातमी खोटी ठरली! सर्व ठीक आहे!"

मग काय! पाणकोंबड्या फणकारल्या. "उगीच संसार हलवायला लावला बाईने." खेकडे म्हणाले, "आम्ही आधीच म्हणत होतो."

"अहो, पण पाणी आलं की!" नारबा तावातावाने म्हणाला. "ते काय, बेट गेलं वाहून! बघा तरी!"

"ते त्रयोदशीचं पाणी," खेकडे म्हणाले. "तुमच्या बायकोची बातमी दशमीची होती. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

नारबा भांडायला निघाला होता. ठकूताईने त्याला थांबवलं. "पिल्लांकडे बघा जरा," ती म्हणाली, आणि राहिलेला अभ्यास करायला सहाव्या दगडावर गेली. तिथे लिहिलं होतं, 'बातमी चुकली तर चुकली म्हणा. जितक्या मोठ्याने बातमी सांगितली, तितक्याच मोठ्याने.'

ठकूताई परत आली. चारही पिल्लांना मागे घेतलं आणि टुणटुण उड्या मारत उंच खडकावर चढली. कोल्होबा बघतच राहिले. तिने गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि महिनाभर गिळून ठेवलेला सगळा आवाज एकदम सोडला.

"ऐका हो ऐका! मी ठकू टिटवी! दशमीला पाणी येणार असं मी म्हणाले होते! दशमीला पाणी आलं नाही! माझी बातमी चुकली! साफ चुकली!"

तीनदा ओरडली. दरवेळी आवाज आणखी आनंदाचा होत गेला. मागे पिल्लं तिच्याबरोबर चिवचिवत होती.

जंगलाने माना वर केल्या. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि सगळ्यांचं एकमत झालं, की टिटवी जन्मात पहिल्यांदा खरं बोलली.

तात्पर्य : बाळांनो, फुकट मिळतं म्हणून काहीही शिकू नये. शिकलंच तर सुसरीखालचं वाचू नये, आणि वाचलंच तर कुणाला काही विचारू नये. विचारलं की सुसरीला उठावं लागतं, राजाला उत्तर द्यावं लागतं, कोल्ह्याचा घसा बसतो, मोराचा नाच बुडतो, आणि एवढं सगळं करून बातमी खोटी ठरायची ती ठरतेच. चार पिल्लं तेवढी वाचतात.